डोळ्याला अंधार, मीटरला उजेड: मालसच्या नियमाचं एक बिघडलेलं प्रॅक्टिकल

दोन पोलरॉइड, म्हणजे प्रकाशाची एकच कंपनदिशा पुढे सोडणारे पापुद्रे, एकमेकांशी काटकोनात धरले की पलीकडे अंधार व्हायला हवा. त्या दिवशी एस.वाय.च्या बॅचमधल्या दोन मुलींनी ते तसेच धरले होते आणि अंधार झालाही होता. डोळा लावून पाहिलं तर हॅलोजन दिव्याच्या तारेची जेमतेम एक जांभळट रेघ उरली होती. पण मायक्रोॲमीटरवर ६९ आकडा होता. पोलरॉइड समांतर असताना तो ८६ होता. म्हणजे पुस्तकाप्रमाणे जिथे ८६ वरून शून्यावर यायचं, तिथे आमचं प्रॅक्टिकल ६९ वर येऊन अडलं होतं.

"मॅडम, ६९ सगळीकडून वजा करू का?" त्यांच्यातल्या एकीनं विचारलं.

पुढचे तीन आठवडे आम्ही या एका प्रश्नावर घालवले. बी.एस्सी.ला मालसचा नियम शिकवणाऱ्या किंवा शिकणाऱ्या कुणाच्याही टेबलावर हे होऊ शकतं, आणि बहुतेक ठिकाणी होऊन जर्नलमध्ये गुपचूप दडपलंही जात असेल, असं मला वाटतं. म्हणून जे झालं ते क्रमानं लिहून ठेवते.

मांडणी

ऑप्टिकल बेंचवर १२ व्होल्टचा हॅलोजन दिवा, त्यापुढे किरण समांतर करणारं भिंग, मग पहिला पोलरॉइड, म्हणजे ध्रुवक. त्यानंतर अंशांच्या तबकडीवर फिरणारा दुसरा पोलरॉइड, म्हणजे विश्लेषक. शेवटी काळ्या नळीत बसवलेला सिलिकॉनचा फोटोडायोड, म्हणजे पडणाऱ्या प्रकाशाप्रमाणे विद्युतप्रवाह देणारा संवेदक, आणि त्याला जोडलेला मीटर.

ध्रुवक प्रकाशाच्या विद्युत क्षेत्राची एकच कंपनदिशा पुढे सोडतो. विश्लेषकाचा अक्ष त्या दिशेशी जेवढा कोन करेल, त्याच्या कोसाइनच्या पटीत क्षेत्र पलीकडे जातं. तीव्रता क्षेत्राच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून बाहेर येणारी तीव्रता कोसाइनच्या वर्गाच्या प्रमाणात. ०° ला पूर्ण, ३०° ला पाऊण, ४५° ला निम्मी, ६०° ला पाव, ९०° ला शून्य. आकडे इतके सुबक आहेत की मुलं ते आधी पाठ करतात आणि मग मीटरकडे बघतात.

नियम ज्याच्या नावानं आहे तो एतिएन-लुई मालस फ्रेंच सैन्यातला अभियंता होता. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेवर गेलेला, तिथे प्लेगनं आजारी पडून त्यातून वाचलेला. १८०८ साली पॅरिसमधल्या आपल्या घरातून तो लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतणारं ऊन आइसलँड स्पारच्या स्फटिकातून बघत होता. या स्फटिकातून कुठलीही वस्तू दुहेरी दिसते. मालसनं स्फटिक फिरवला तेव्हा दोन प्रतिमांपैकी एक मंद होत गेली, आणखी फिरवल्यावर ती उजळून दुसरी मंदावली. काचेवरून परतलेल्या उन्हाला जणू एक बाजू होती. पुढच्याच वर्षी त्यानं कोसाइनच्या वर्गाचा नियम मांडला. प्रकाश कणांचा असतो आणि त्या कणांना ध्रुव असतात अशी त्याची समजूत होती. 'ध्रुवीकरण' हा शब्द तिथून आला, समजूत मागे पडली तरी शब्द राहिला. १८१२ साली, वयाच्या ३६ व्या वर्षी, मालस क्षयानं गेला.

या सगळ्यात आमच्या प्रकरणाच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट एकच: मालसकडे मीटर नव्हता. त्याचा प्रकाशमापक म्हणजे त्याचा डोळा.

वाचनं

मुलींनी घेतलेली वाचनं मायक्रोॲम्पिअरमध्ये अशी होती: ०° ला ८६.०, १५° ला ८४.९, ३०° ला ८१.७, ४५° ला ७७.४, ६०° ला ७३.३, ७५° ला ७०.२, ९०° ला ६९.०.

आता हे नीट बघा. कोसाइनचा वर्ग आडव्या अक्षावर आणि विद्युतप्रवाह उभ्या अक्षावर घेतला तर सगळे बिंदू एका सरळ रेषेत येतात, पट्टी ठेवून काढल्यासारखे. नियम मोडला असता तर बिंदू वाकले असते. ते वाकले नव्हते. रेषा फक्त आरंभबिंदूतून जाण्याऐवजी उभ्या अक्षाला ६९ वर छेदत होती. म्हणजे फोटोडायोडवर दोन गोष्टी एकदम पडत होत्या: एक कोनाप्रमाणे बदलणारी, १७ मायक्रोॲम्पिअरची, आणि दुसरी कोनाची अजिबात पर्वा न करणारी, ६९ ची.

म्हणूनच वजाबाकीचा मोह पडतो. ६९ काढून टाका, उरतात १७.०, १५.९, १२.७, ८.४, ४.३, १.२ आणि ०. ४५° ला निम्म्याच्या आसपास, ६०° ला पाव. प्रॅक्टिकल पूर्ण, सही घ्या, घरी जा.

मी सही केली नाही. तिच्या हिशोबात चूक नव्हती, आणि ते मी तिला सांगितलंही. ४५° ला निम्मं येणं ही खरी तपासणी होती, ती पास झाली होती. पण ९०° ला आलेला शून्य आपण स्वतः तयार केलेला होता: जे ९०° ला होतं तेच वजा केलं, मग तिथे शून्य येणारच. आणि जर्नलमध्ये तिनं त्या ६९ पुढे लिहिलं होतं, "खोलीतला पार्श्वभूमीचा प्रकाश". ते खोटं होतं. तिला ते माहीत नव्हतं, मलाही त्या क्षणी माहीत नव्हतं. पण तपासायला मिनिटभरही लागलं नाही. दिव्यापुढे पुठ्ठा धरला, मीटर ०.३ वर आला. खोलीतला उजेड ०.३ चा. उरलेले ६८.७ दिव्यातूनच येत होते, दोन्ही पोलरॉइडमधून पार होऊन.

जुनी जर्नलं आणि हिरवा जिलेटीन

पहिला संशय अर्थातच पोलरॉइडवर. जुने झाले असतील, ओलीनं खराब झाले असतील. पावसाळ्यात आमच्या लॅबच्या कपाटांना बुरशी धरते, त्यामुळे हा संशय अगदीच अनाठायी नव्हता. पण पोलरॉइड डोळ्याला धरून फिरवले तर खिडकीतलं आभाळ लख्ख ते काळंकुट्ट होत होतं. डोळ्याच्या परीक्षेत ते पास होते.

वाट सापडली ती लॅबमधल्या मामांमुळे. ते म्हणाले, "मॅडम, हे प्रॅक्टिकल आधी नीट यायचं की. तो जुना सेल गेला तेव्हापासून बिघडलंय." कपाटाच्या खालच्या कप्प्यातून त्यांनी काही वर्षांपूर्वीची जर्नलं काढून दिली. त्यांतल्या प्रत्येकात ९०° चं वाचन शून्याला चिकटलेलं होतं. दिवा तोच, पोलरॉइड तेच, बेंच तोच. बदलला होता फक्त संवेदक. पूर्वी तिथे सेलेनियमचा फोटोसेल होता, गॅल्व्हॅनोमीटरला जोडलेला. तो निकामी झाला, तसा मिळेना, म्हणून त्याच्या जागी सिलिकॉनचा फोटोडायोड आला. नवा, स्वस्त, जास्त संवेदनशील. सगळ्यांना तो सुधारणाच वाटला होता, मलाही.

आता प्रश्न असा झाला: सेलेनियमला जे दिसत नव्हतं ते सिलिकॉनला काय दिसतंय?

याचं उत्तर मी फळ्यावर देऊ शकले असते, पण मुलींनी ते स्वतः गाठलं, आणि तेही गणपतीच्या मखरातून उरलेल्या जिलेटीन पेपरनं. एकीचं म्हणणं होतं की पोलरॉइड कदाचित एखाद्याच रंगाला नीट अडवत नसतील, तर रंग वेगळे करून बघू. तिनं हिरवा जिलेटीन दिव्यापुढे लावला. डोळ्याला उजेड एकदम कमी झाला, सगळं हिरवंगार आणि अंधुक. मीटर मात्र ८६ वरून फक्त ७६ वर आला, आणि काटकोनात ६९ च्या जागी ६६. लाल लावला, निळा लावला, दोन्ही एकावर एक लावले. डोळ्याला जवळजवळ काहीच दिसेना, मीटरवर साठाच्या वरच.

"म्हणजे मॅडम, मीटर जे मोजतोय ते आपल्याला दिसतच नाहीये."

इतकं नेमकं वाक्य मी त्या वर्षी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

अदृश्य भाग

हॅलोजनची तार साधारण ३००० केल्विनला तापते. वीनच्या नियमानं अशा तापमानाच्या वस्तूचं सर्वाधिक प्रारण ९६० ते ९७० नॅनोमीटरच्या आसपास पडतं. आपला डोळा साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर बघतो. म्हणजे या दिव्याचं शिखरच अवरक्त भागात, तांबड्याच्या पलीकडच्या न दिसणाऱ्या भागात, आहे. आपण ज्याला त्याचा उजेड म्हणतो तो त्या डोंगराचा पायथा आहे. सिलिकॉनचा फोटोडायोड सर्वाधिक संवेदनशील असतो तो ९०० ते ९५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, आणि ११०० पर्यंत तो काही ना काही बघतोच. दिव्याचं शिखर आणि डायोडचं शिखर जवळजवळ एकमेकांवर बसतात. सेलेनियमचा सेल याच्या उलट. त्याची संवेदनशीलता डोळ्यासारखीच हिरव्या-पिवळ्या भागात सर्वाधिक असते आणि तांबड्याच्या पलीकडे तो जवळजवळ आंधळा असतो. म्हणून जुन्या जर्नलांमधला शून्य खरा होता: डोळा आणि सेल एकच प्रकाश बघत होते.

पण अवरक्त प्रकाशही प्रकाशच. तो पोलरॉइडनं का अडत नाही?

याचं उत्तर पोलरॉइड कसा बनतो त्यात आहे. एडविन लँडनं १९३८ साली जो प्रकार तयार केला, तोच थोड्याफार फरकानं आजही आपल्या हातात येतो. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा पातळ पापुद्रा गरम करून एका दिशेनं ताणतात, म्हणजे त्याचे लांब रेणू एका दिशेत लागतात. मग त्याला आयोडीन पाजतात. आयोडीन त्या रेणूंच्या कडेनं साखळ्या करून बसतं. प्रकाशाचं विद्युत क्षेत्र साखळीच्या दिशेत असेल तर ते साखळीतल्या इलेक्ट्रॉनना हलवतं आणि त्यात शोषलं जातं. आडवं असेल तर निघून जातं. (इथे एक जुना गैरसमज आहे. कुंपणाच्या फटींतून दोरी हलवण्याचं चित्र जवळजवळ प्रत्येक क्लासमध्ये दाखवतात, त्यामुळे साखळ्यांच्या दिशेतलं कंपन पार होतं असं मुलांना वाटतं. प्रत्यक्षात पोलरॉइडचा पारगमन अक्ष साखळ्यांना काटकोनात असतो.)

आयोडीनच्या साखळ्यांचं हे शोषण दृश्य प्रकाशापुरतं आहे. साधारण ७५० ते ८०० नॅनोमीटरच्या पुढे ते गळून पडतं. तिथून पुढे पोलरॉइड म्हणजे फक्त प्लॅस्टिकचा पारदर्शक पापुद्रा. फिरवा, उलटा करा, काटकोनात लावा, अवरक्त किरण दोन्ही दिशांनी सारखेच पार. जिलेटीन पेपरचे रंगही असेच, दृश्य भाग अडवतात आणि अवरक्त सोडून देतात.

म्हणजे ६९ हा नियमाचा अपवाद नव्हता. मालसचा नियम ध्रुवित प्रकाशाबद्दल बोलतो. या दिव्याच्या अवरक्त भागासाठी आमच्या बेंचवर ध्रुवकच नव्हता. तो भाग पहिल्या पोलरॉइडमधून अध्रुवित गेला, दुसऱ्यातून अध्रुवित गेला आणि कोन न विचारता डायोडवर पडला.

याची घरी करता येण्यासारखी तपासणी म्हणजे टीव्हीचा रिमोट. त्याचा एलईडी बहुधा ९४० नॅनोमीटरला लुकलुकतो. मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबलं तर पडद्यावर पांढुरका ठिपका दिसतो. पुष्कळ फोनांच्या मागच्या कॅमेऱ्यात अवरक्त अडवणारी काच जास्त कडक असते, म्हणून पुढचा कॅमेरा. मुलींनी मध्ये काटकोनातले दोन पोलरॉइड धरले. त्यांच्यातून मागची खिडकी काळी झाली होती, आणि त्या काळ्या चौकोनाच्या मधोमध रिमोटचा ठिपका जसाच्या तसा लुकलुकत होता. पोलरॉइड फिरवला, ठिपका हलला नाही, मंदावला नाही. सगळी बॅच टेबलाभोवती गोळा झाली. त्यानंतर समजावून सांगायला फारसं काही उरलं नाही.

आमच्याकडे आयोडीनच्या पोलरॉइडऐवजी निकोल प्रिझम असते तर हा घोळ झालाच नसता. निकोल शोषणावर चालत नाही. तो कॅल्साइटच्या, म्हणजे मालसच्या त्या आइसलँड स्पारच्याच, दुहेरी अपवर्तनावर आणि पूर्ण आंतरिक परावर्तनावर चालतो, आणि कॅल्साइट अवरक्तातही पुष्कळ दूरपर्यंत पारदर्शक आहे. निकोलचा विषय निघाला की मी मुलांना हमखास भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांचं सांगते. १९२१ साली 'नारकुंडा' बोटीनं युरोपातून परतताना त्यांनी खिशातल्या निकोलमधून समुद्र पाहिला. योग्य कोनातून बघून निकोल फिरवला की पाण्याच्या पृष्ठभागावरून परतणारं आभाळ नाहीसं होतं. आभाळ गेलं, पण निळा गेला नाही, उलट अधिक गडद झाला. समुद्राचा निळेपणा म्हणजे आभाळाचं प्रतिबिंब, या समजुतीला तो धक्का होता. त्यावरचं पत्र त्यांनी बोट मुंबई बंदरात असतानाच 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाला लिहिलं. फिल्टर फिरवून एक प्रकाश काढून टाकायचा आणि उरतो कोणता ते बघायचं, हेच आमच्या मुली करत होत्या.

मोरचूद

आता उपाय. अवरक्त अडवणाऱ्या काचा बाजारात मिळतात, पण आमच्याकडे नव्हत्या, आणि केमिस्ट्रीची लॅब एक मजला खाली होती. मोरचुदाचं पाणी, म्हणजे कॉपर सल्फेटचं द्रावण, आपल्याला निळं दिसतं, कारण ते तांबडा भाग शोषतं. पण त्याचं खरं जोरदार शोषण दिसणाऱ्या तांबड्याच्या पलीकडे, ८०० नॅनोमीटरच्या आसपास आहे, आणि तो रुंद पट्टा आहे. आमच्या डायोडला ज्याची भूक, नेमकं तेच मोरचूद खातं. द्राक्षबागेत फवारायला मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण करणाऱ्या घरातली एक मुलगी बॅचमध्ये होती. मोरचुदाचा हा उपयोग ऐकून तिला वाटलेलं आश्चर्य मला अजून आठवतं.

एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात २५ ग्रॅम मोरचूद. नळाचं पाणी घेऊ नका. जड पाण्यात द्रावण गढूळ होतं आणि गढूळ द्रावण प्रकाश विखुरतं. चौकोनी काचेच्या भांड्यात ५ सेंटिमीटर जाडीचा थर, दिवा आणि ध्रुवकाच्या मध्ये. मोरचूद विषारी आहे, हात धुवा.

भांडं ठेवताच मीटर ८६ वरून ५.४ वर कोसळला. मुलींना आधी वाटलं, काहीतरी सुटलं. काही सुटलं नव्हतं. डायोडला लागणाऱ्या प्रकाशाचा बहुतेक भाग आम्ही काढून टाकला होता, आणि आता तो जे बघत होता ते आपणही बघत होतो. नवी वाचनं: ०° ला ५.४, ३०° ला ४.१, ४५° ला २.९, ६०° ला १.६, ९०° ला ०.४. पुठ्ठा धरून मोजलेला खोलीचा उजेड ०.३. तो वजा केला की ५.१, ३.८, २.६, १.३ आणि ०.१.

ही वजाबाकी मी मान्य केली. कारण हा ०.३ कुठून आला ते आम्ही दिवा झाकून, वेगळा मोजून ठरवलं होतं.

मीटरचं शेवटचं घर ०.१ चं, त्यामुळे ६०° च्या वाचनात आठ टक्क्यांची अनिश्चितता सहज येते. आलेख आरंभबिंदूतून जातो, पण बिंदू आधीच्या इतके पट्टीवर बसत नाहीत. एका मुलीला याचं वाईट वाटलं: "आधीचा आलेख जास्त सुंदर होता." होता खरा.

लेझर, आणि दुसरा खड्डा

जास्त प्रकाश हवा आणि तो फक्त दृश्य भागातला हवा, म्हणजे लेझर. ६५० नॅनोमीटरचा तांबडा डायोड लेझर लावला. इथे पहिली खबरदारी अशी की हा लेझर स्वतःच बराचसा ध्रुवित असतो. ध्रुवक फिरवला तर त्याच्यातून जाणारा प्रकाशच बदलतो. म्हणून लेझर त्याच्या खोबणीत फिरवून ध्रुवकामागे कमाल उजेड येईल तिथे पक्का करायचा, त्यानंतर ध्रुवकाला हात लावायचा नाही, फक्त विश्लेषक फिरवायचा. लेझरमध्ये डोळा घालून बघायचं नाही, हे दर बॅचला तीनदा सांगते आणि चौथ्यांदा लिहूनही लावते.

मीटरची २०० मायक्रोॲम्पिअरची रेंज अपुरी पडली. मुलींनी डायोडला १० किलोओहमचा रोध जोडला आणि त्यावरचा व्होल्टेज मोजला. वाचनं आली: ०° ला ०.४३ व्होल्ट, ३०° ला ०.४२, ४५° ला ०.४१, ६०° ला ०.३८, ७५° ला ०.१६, ९०° ला ०.००.

शून्य अगदी खणखणीत. पण ०° ते ६०° पर्यंत तीव्रता जणू हललीच नाही. पहिल्या खेपेला रेषा सरळ होती आणि शून्य चुकलं होतं. या खेपेला शून्य बरोबर आणि रेषाच नाही.

यावेळी त्यांनी वजाबाकीचं नाव काढलं नाही. "हे कुठून येतंय?" असं विचारलं. मला तेवढ्यानंच बरं वाटलं.

फोटोडायोडचा विद्युतप्रवाह प्रकाशाच्या प्रमाणात असतो, पण त्याच्या टोकांमधला व्होल्टेज ०.३ च्या वर चढू लागला की डायोड स्वतःमधूनच प्रवाह वळवायला लागतो. मग प्रकाश दुप्पट केला तरी व्होल्टेज जेमतेम पाच ते आठ टक्क्यांनी वाढतो. २४० मायक्रोॲम्पिअर आणि १० किलोओहम म्हणजे २.४ व्होल्ट व्हायला हवा होता. तेवढा डायोड कधीच देणार नाही. रोध कमी करून १०० ओहमचा लावला. आता: ०° ला २४.० मिलिव्होल्ट, १५° ला २२.४, ३०° ला १८.०, ४५° ला ११.९, ६०° ला ६.१, ७५° ला १.६, ९०° ला ०.१.

बघितलंत? २४, १८, १२, ६, ०. पाऊण, निम्मं, पाव. पाठ केलेले आकडे पहिल्यांदा मीटरवर आले, आणि त्यांत वजा करण्यासारखं काही नव्हतं.

अंश कुठून मोजायचे

तबकडीवरचा ० म्हणजे पोलरॉइडचा अक्ष नव्हे. चौकटीत पोलरॉइड बसवणाऱ्यानं तो दोन-तीन अंश तिरपा बसवलेला असू शकतो. मुलं कमाल वाचन शोधून त्याला ०° म्हणतात, आणि तिथेच चूक होते. कमाल जागेजवळ वक्र सपाट असतो. २° इकडेतिकडे झालं तरी तीव्रता हजारात एकानं बदलते, मीटरला ते कळतही नाही. याउलट ४५° जवळ वक्र सर्वांत उभा असतो. तिथे १° ची चूक वाचनात साडेतीन टक्के फरक पाडते.

म्हणून आम्ही किमान जागेच्या दोन्ही बाजूंना सारखंच वाचन देणारे दोन कोन शोधले. एका बाजूला १२ मिलिव्होल्ट येतात तो कोन, दुसऱ्या बाजूला पुन्हा १२ येतात तो कोन. दोघांचा मध्य म्हणजे खरा ९०°. आमच्या तबकडीवर तो ९३° ला निघाला. वर दिलेली सगळी कोनवाचनं ही दुरुस्ती करूनच दिली आहेत.

शेवटच्या दिवशी वेळ उरला तेव्हा तिसरा पोलरॉइड काढला. पोलरॉइड हा पूर्ण पारदर्शक नसतो, म्हणून आधी तिन्ही समांतर ठेवून वाचन घेतलं, ते १८.० आलं. मग बाहेरचे दोन काटकोनात, मधला काढून, जवळजवळ शून्य. मग त्या अंधारात मधला ४५° वर सरकवला. ४.४ मिलिव्होल्ट. अडवणारी वस्तू वाढवली आणि उजेड वाढला. कोसाइनचा वर्ग दोनदा लावला की निम्म्याचं निम्मं, १८ चा पाव, ४.५. मधला फिरवत गेलं की ०° ला अंधार, ४५° ला कमाल, ९०° ला पुन्हा अंधार. पोलरॉइड नुसती चाळणी असता तर हे शक्य नव्हतं. तो पार झालेल्या प्रकाशाला स्वतःची दिशा देतो. मधल्या पोलरॉइडमधून निघालेल्या प्रकाशाला पहिल्याची दिशा राहिलेलीच नसते, म्हणून तिसरा त्याला पूर्ण अडवू शकत नाही. हे वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. त्या दिवशी मुलींनी हातानं तो पोलरॉइड सरकवताना केलेला आवाज मला त्या वाक्यापेक्षा जास्त पटला.

जर्नल

दोघींनी पहिला आलेख, ६९ वर छेदणारा, फाडला नाही. "खोलीतला पार्श्वभूमीचा प्रकाश" या ओळीवर एक आडवी रेघ मारून खाली लिहिलं: "सुमारे ८०० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश. पोलरॉइड त्याला ध्रुवित करत नाही. डोळ्याला दिसत नाही, डायोडला दिसतो." त्या पानावर मी सही केली.

सगळ्यांत स्वस्त उपाय आम्हाला शेवटी सुचला: पांढऱ्या एलईडीची साधी टॉर्च. तिच्या प्रकाशात अवरक्त जवळजवळ नसतंच, त्यामुळे मोरचुदाची गरज नाही आणि लेझरची भीती नाही. ज्यांना फक्त नियम पडताळायचा आहे त्यांनी हॅलोजन काढून टॉर्च लावावी, मी तेच सुचवेन. आमच्या लॅबमध्ये आता तिन्ही स्रोत टेबलावर असतात आणि हॅलोजन मी काढलेला नाही. नव्या बॅचचं पहिलं वाचन हॅलोजनवरच घेतलं जातं, मोरचुदाशिवाय, आणि त्या वेळी रिमोट माझ्या टेबलाच्या खणात असतो.